लॅपटॉपनं सगळं लिहून ठेवलं होतं!

रात्रीचे दोन वाजून गेले होते. बल्हारशाकडे जाणारी कोळशाची मालगाडी धडधडत चालली होती, आणि माजरीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये पलंगावर मांडी घालून बसलेली मी एकदम ओरडले. बाबा धावत आले. त्यांना वाटलं, विंचू चावला. मी म्हटलं, "बाबा, सापडला! तारखेसकट सापडला!"

त्या रात्री जे सापडलं, ते कोणाला सांगू आणि कोणाला नको असं मला झालं आहे. ज्यांच्या घरात सारखा बंद पडणारा लॅपटॉप आहे त्या सगळ्यांना हाताला धरून बसवावं आणि दाखवावं, की हे बघा, हे इथंच होतं, पहिल्या दिवसापासून होतं!

आमचं घर लग्नांवर चालतं. दादा कॅमेरा घेऊन भद्रावती, वरोरा, वणी, नदीकाठचं पाटाळा, जिथून बोलावणं येईल तिथं जातो. हळद, वरात, अक्षता, बिदाई सगळं टिपून आणतो आणि मेमरी कार्डं माझ्या पुढ्यात ठेवतो. पुढचं काम माझं: कापायचं, जोडायचं, रंग बसवायचे, गाणी टाकायची. घराचा निम्मा संसार त्या एका लॅपटॉपवर. आणि नेमक्या लग्नसराईत, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, तो बिघडला.

सुरुवात अगदी साधी होती. टाइमलाइनवर क्लिप चालवली की पडदा काळा व्हायचा आणि दोन-तीन सेकंदांनी परत यायचा. दिवसातून एकदा व्हायचं, मग तासातून एकदा व्हायला लागलं. नंतर पडदा परत येणंच थांबलं. सरळ निळा पडदा, त्यावर तो उदास चेहरा, खाली बारीक इंग्रजी अक्षरं, आणि ती मी वाचेपर्यंत मशीन पुन्हा सुरू झालेलं. एका बिदाईचे रंग मी सात वेळा बसवले. नवरीच्या आईचा रडतानाचा चेहरा मला पाठ झाला.

माजरीत कुठलीही वस्तू बिघडली की कारणं तीनच असतात: ऊन, धूळ आणि लाइट. यात कोणाची चूक नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या खाली राहिला तर लोक त्याला बरा दिवस म्हणतात. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, खुल्या कोळसा खाणीत ब्लास्टिंग झालं की खिडक्या थरथरतात, आणि दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर संध्याकाळपर्यंत काळी पूड बसते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवं पोरी, इथं माणसं भाजून राह्यली, तुह्या मशीनचं काय घेऊन बसली?" दादानं लॅपटॉप उचलून कूलरसमोर ठेवला. (हे मात्र कोणी करू नका. कूलरची हवा ओली असते आणि ती मशीनच्या पोटात जाते.) एका दुरुस्तीवाल्यानं उघडून साफ केला, आतली पेस्ट बदलली. पंख्यातून बोटभर कोळशाची वात निघाली! तापमान खरंच उतरलं. क्रॅश मात्र होते तसेच राहिले. मग एका मोठ्या शहरातल्या दुकानदारानं पाच मिनिटं पाहून सांगितलं, "ग्राफिक्स कार्ड गेलं. मदरबोर्ड बदलावा लागेल." त्यानं सांगितलेला आकडा ऐकून दादा बाहेर जाऊन उभा राहिला.

मला एक गोष्ट खटकत होती. लॅपटॉप पहाटे साडेपाचला, गार हवेत, साधी क्लिप चालू-बंद करताना पडायचा. आणि दुपारी तीनला, बाहेर आग ओकत असताना, दीड तासाचा व्हिडिओ एक्सपोर्ट करायला लावला तर बिनतक्रार पूर्ण करायचा! मी टास्क मॅनेजर उघडून बघत बसले. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं. एक्सपोर्टच्या वेळी ८१ अंश, सगळं ठीक. पहाटे ५८ अंश, आणि निळा पडदा. उन्हानं मरणारं मशीन भर उन्हात जगतं आणि पहाटे मरतं, हे कसं?

हाच प्रश्न घेऊन त्या रात्री मी शोधत बसले आणि एका पानावर पोचले. विंडोजमध्ये ते पान २००७ पासून, म्हणजे व्हिस्टा या आवृत्तीच्या काळापासून आहे. इतकी वर्षं मी लॅपटॉप वापरते आहे आणि मला त्याचा पत्ताच नव्हता! स्टार्टमध्ये नुसतं ‘रिलायबिलिटी’ टाइप करायचं आणि ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री’ उघडायचं. काही उतरवून घ्यायला नको, पैसे नकोत, कोणाची परवानगी नको. समोर एक आलेख येतो. १ ते १० अशी पट्टी, खाली तारखा, आणि तुमच्या मशीनची तब्येत दाखवणारी एक रेघ. ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवसाखाली लाल गोलात पांढरी फुली. सगळ्यांत खालच्या ओळीत निळी खूण: आज हे नवीन बसवलं, आज ते अपडेट झालं.

माझी रेघ ९ एप्रिलपर्यंत दहाच्या जवळ सरळ चालली होती आणि १० तारखेपासून दरीत पडल्यासारखी खाली. दहाला पहिली फुली. अकराला दोन. मग रांगच. मी नऊ तारखेच्या निळ्या खुणेवर क्लिक केलं. रात्री पावणेबाराला, मी झोपलेली असताना, लॅपटॉपसोबत आलेल्या एका अपडेट करणाऱ्या ॲपनं डिस्प्ले ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसवली होती.

तेव्हाच मी ओरडले.

उन्हाळाही त्याच आठवड्यात चढला होता, म्हणून आम्ही सगळे उन्हाकडे बोट दाखवत बसलो. लॅपटॉपनं मात्र वार, वेळ, नाव-गाव सगळं लिहून ठेवलं होतं.

मग मला झोप कुठली! मी प्रत्येक लाल फुली उघडत गेले. ‘लाइव्ह कर्नल इव्हेंट’ असं घटनेचं नाव, आणि खाली कोड. कुठं १४१, कुठं ११७, आणि निळ्या पडद्याच्या दिवशी वेगळ्या नोंदीत ११६. तिन्ही एकाच कुळातले! १४१ म्हणजे ग्राफिक्स चिपचा एखादा भाग दिलेल्या वेळेत उत्तर देईना. ११७ म्हणजे ड्रायव्हर अडकला, पण विंडोजनं त्याला उठवून पुन्हा उभं केलं. ११६ म्हणजे उठवायचा प्रयत्न केला आणि तो उठला नाही. माझा लॅपटॉप आधी नुसता काळा होऊन परत यायचा आणि नंतर निळा व्हायला लागला, ही आजाराची चढती पायरी त्या तीन आकड्यांत लिहिलेली होती.

इव्हेंट व्ह्यूअर नावाची दुसरी, जास्त जाड वही आहे, तीही उघडली. तिथं ४१०१ क्रमांकाच्या नोंदी एकीखाली एक: डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो यशस्वीपणे सावरला. त्याच वहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंदही होती, आणि तिच्यापाशी मी अर्धा तास चुकले. ‘पॉवर’ वाचलं की आपल्या मनात लाइटच येते. प्रत्यक्षात ती नोंद एवढंच सांगते, की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते ती सांगत नाही. आणि लॅपटॉपला तर बॅटरी असते, लाइट गेल्यानं तो कशाला बंद पडेल? किती लोकांनी ही नोंद वाचून चार्जर आणि स्टॅबिलायझर बदलले असतील, या विचारानं जीव हळहळला.

आता हा ड्रायव्हर म्हणजे कोण? आमच्याकडे ड्रायव्हर म्हटलं की डंपर नाहीतर ट्रक डोळ्यांपुढे येतो. कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर हा एक प्रोग्राम आहे. विंडोजला ग्राफिक्स चिपची भाषा येत नाही आणि चिपला विंडोजची. ड्रायव्हर दोघांमध्ये बसून सेकंदाला हजारो निरोप इकडून तिकडे करतो. आणि तो बसतो कुठं? कॉम्प्युटरच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर वरच्या मजल्यावर राहतं. ते कोसळलं तर तेवढंच बंद होतं. वर रस्त्यावर एक ट्रक पंक्चर झाला तर एक ट्रक थांबतो, पण खाणीत छताला टेकू देणारा प्रॉप सरकला तर त्या भागातलं सगळं काम थांबतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर म्हणजे तो प्रॉप.

पूर्वी तर ग्राफिक्स चिप अडकली की अख्खा पडदा गोठायचा आणि बटण दाबून बंद करण्यापलीकडे इलाज नसायचा. व्हिस्टापासून एक पहारेकरी बसवला गेला. तो चिपला काम देतो आणि घड्याळ लावून थांबतो. किती वेळ? दोन सेकंद! दोन सेकंदांत चिपनं ना काम संपवलं, ना बाजूला ठेवलं, तर तो ड्रायव्हरला आणि चिपला खाली बसवून पुन्हा उभं करतो. माझा पडदा काळा होऊन परत यायचा तो याचमुळे. आणि एका मिनिटात पाचापेक्षा जास्त वेळा असं झालं, तर तो सगळंच थांबवतो. आपण डोळे चोळेपर्यंत आत केवढी धावपळ झालेली असते!

ती धावपळ हातानंही करता येते, हे कळल्यावर तर मी टाळ्याच वाजवल्या. विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम दाबा. बीप वाजतं, पडदा एकदा लुकलुकतो, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. उघडलेलं काम जागच्या जागी! आजार बरा होत नाही यानं, पण काळ्या पडद्यावर अडकलेलं काम वाचू शकतं.

मग पहाटेच का, क्लिप चालू-बंद करतानाच का, याचंही उत्तर लागलं. माझ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या दोन चिप आहेत. एक प्रोसेसरमध्येच, कमी वीज खाणारी. दुसरी वेगळी, ताकदीची. काम हलकं असलं की पहिली, जड झालं की दुसरी. माजरी जंक्शनला वर्ध्याकडून आलेली गाडी सरळ बल्हारशाला जाते किंवा वणीच्या लाइनला वळते. मधे सांधा बदलावा लागतो. माझ्या लॅपटॉपची गाडी दोन्ही लाइनींवर सुरळीत धावत होती. अडकत होती सांधा बदलताना. एक्सपोर्टच्या वेळी दीड तास एकच लाइन, सांधा बदलायचं कामच नाही, म्हणून भर दुपारीही क्रॅश नाही. ताडून बघायला मी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ताकदीची चिप एक दिवस बंद ठेवली. लॅपटॉप बैलगाडीसारखा चालला, पण दिवसभरात एकदाही पडला नाही. मेमरीची चाचणीही रात्रभर लावून बघितली. ती स्वच्छ निघाली.

त्या चाचणीनंतरच्या सकाळी चहा घेताना मी हे सगळं बाबांना एका दमात सांगितलं. बाबा भूमिगत खाणीत मायनिंग सरदार होते. सरदाराचं काम काय, तर पाळीत आपल्या भागात फिरायचं, छत ठोकून बघायचं, गॅस बघायचा आणि पाळी संपली की पानांना आकडे घातलेल्या बांधीव वहीत रिपोर्ट लिहून सही करायची. ‘सब ठीक’ असलं तरी लिहायचं. पुढच्या पाळीचा माणूस ते वाचतो आणि मगच आत उतरतो. मी आलेख दाखवला तसा त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "हे तर रिपोर्ट बुक होय!"

मी निळ्या पडद्याचं सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले, आणि मग त्यांनी दिव्याची गोष्ट सांगितली. गॅस बघायला सेफ्टी लॅम्पची ज्योत बारीक करायची आणि दिवा हळूहळू छताकडे न्यायचा. मिथेन असला तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. टोपी जितकी उंच, तितका गॅस जास्त. ती दिसली की वीज तोडायची, माणसं बाहेर काढायची. "मंग तुह्या मशीननं बी तेच केलं," बाबा म्हणाले. "निळं दाखवलं आन् काम बंद केलं."

बाबांनी लॅपटॉपवर आयुष्यात एक अक्षर टाइप केलेलं नाही, आणि त्यांना एका वाक्यात जे दिसलं ते आम्हाला महिनाभर दिसलं नव्हतं! गाभ्यात गडबड झाली आणि तरीही मशीन चालू राहिलं तर ते चुकीचं काहीतरी डिस्कवर लिहून बसेल, असलेल्या फायली नासवेल. म्हणून विंडोज मुद्दाम थांबतं, काय घडलं ते टिपून ठेवतं, आणि मगच पुन्हा सुरू होतं; त्या टिपणाची छोटी फाइल नंतर मिनीडंप नावाच्या फोल्डरमध्ये मिळते. मी त्या निळ्या पडद्याला महिनाभर शिव्या घातल्या होत्या. माझं काम वाचवायला धडपडत होता तोच.

एक मोहाचा रस्ताही दिसला होता. रजिस्ट्रीत एक आकडा बदलून त्या दोन सेकंदांचे आठ किंवा दहा करता येतात, आणि पुष्कळ जण तसं करतात. मायक्रोसॉफ्टच्या सूचनांत मात्र त्या नोंदी ड्रायव्हर तयार करणाऱ्यांच्या चाचणीसाठी आहेत असं स्पष्ट लिहिलंय. बाबांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. निळी टोपी दिसू नये म्हणून कोणी दिवा खाली धरत नाही.

इलाज करायला एक दुपार लागली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बटण असतं, जुन्या ड्रायव्हरवर परत जायला. माझं फिकट पडलं होतं, दाबता येईना. मग लॅपटॉप बनवणाऱ्यांनीच या मॉडेलसाठी तपासून ठेवलेली जुनी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली. रिस्टोअर पॉइंट केला. डिस्क लॉक असेल तर तिची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, कारण पुढच्या पायरीला मशीन ती मागू शकतं. मी घेतली होती म्हणून वाचले. वायफाय बंद केलं, नाहीतर आपण एक काढेपर्यंत विंडोज दुसरा आणून बसवतं. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट केलं आणि सेफ मोडमध्ये गेले. तिथं सगळं मोठं-मोठं, ओबडधोबड दिसतं, कारण विंडोज स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर चालतं. तिथं ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामनं नव्या ड्रायव्हरचा कण न् कण पुसला, मशीन पुन्हा सुरू केलं, जुना बसवला, आणि त्या अपडेट ॲपला ड्रायव्हरला हात लावायची मनाई केली.

सेफ मोडच्या त्या ओबडधोबड पडद्यासमोर बसले असताना मला १९ जुलै २०२४ आठवला. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. विमानं थांबली, आपल्याकडे विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहून दिले. तेही कर्नलमध्ये बसलेल्या ड्रायव्हरचंच दुखणं होतं! आणि इलाज? हजारो माणसांनी एकेक मशीन सेफ मोडमध्ये नेऊन ती फाइल हातानं पुसली. मोठमोठ्या विमानतळांवरची माणसं आणि माजरीच्या क्वार्टरमधली मी, दार एकच उघडत होतो. अंगावर काटा आला. आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर तर या बाबतीत जुना ओळखीचा आहे: २००७ मधल्या व्हिस्टाच्या क्रॅशच्या नोंदी पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात बाहेर आल्या, तेव्हा त्यांतले जवळपास २९ टक्के एकाच ग्राफिक्स कंपनीच्या ड्रायव्हरच्या नावावर निघाले.

लॅपटॉप सुरू झाला. मी बिदाईची क्लिप लावली. चालू, बंद, चालू, बंद, वीस वेळा, पन्नास वेळा. दादा मागे उभा राहून मोजत होता. शंभराला त्यानं मोजणं सोडलं. नवरीची आई रडत राहिली आणि पडदा हलला नाही. मदरबोर्ड तोच, ग्राफिक्स कार्ड तेच, ‘गेलेलं’. आज तीन महिने होत आले, आलेखावरची रेघ पुन्हा दहाजवळ आहे, आणि ती बघितल्याशिवाय माझी सकाळ सुरू होत नाही.

परवा वरोऱ्याचा एक फोटोग्राफर दादाच्या ओळखीनं लॅपटॉप घेऊन आला. "ताई, तुमच्यासारखंच झालं, ड्रायव्हर काढून द्या." मी तो टेबलावर ठेवला. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "आधी बुक पाह्य." उघडलं. लाल फुल्या होत्या, पण ११७ नाही, १४१ नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये गेले, तिथं ‘डिस्क’ नावानं सात क्रमांकाच्या नोंदींची रांग: डिस्कवर खराब ब्लॉक. याच्या ड्रायव्हरला काहीही झालेलं नव्हतं. मी त्याला विचारलं, "लग्नांचे फोटो आणखी कुठं ठेवलेत?" तो म्हणाला, "कुठंच नाही." दादानं कपाटातून रिकामी हार्ड डिस्क काढून दिली, आणि आम्ही आधी फोटो उतरवायला लागलो.